खेळाचा स्वस्त संगणक जुळवताना नावाखालची दुसरी ओळ वाचा

मोबाईल दुरुस्तीचे, झेरॉक्सचे किंवा इलेक्ट्रिक सामानाचे दुकान चालविणारे आपले अनेक बांधव आता संगणक जुळवून देण्याचे कामही करू लागले आहेत. काम हुन्नराचे आहे आणि त्याला फार मोठा गाळा लागत नाही. या कामात सर्वांत जास्त विचारणा होते ती 'गेमिंग पीसी'ची. विचारणारा बहुधा कॉलेजात जाणारा मुलगा असतो, पैसे मात्र वडिलांनी साठविलेले असतात. रक्कम ठरलेली असते व तिच्यावर एक हजारही चढविता येत नाहीत. अशा वेळी एक भाग चुकीचा निघाला तर मुलाची हौस जाते, वडिलांचे पैसे जातात आणि दुकानदाराचे नाव गल्लीभर होते. म्हणून हे भाग कसे निवडावेत याची थोडी सविस्तर चर्चा येथे करीत आहोत. ज्यांना दुकान नाही पण मुलासाठी संगणक घ्यायचा आहे, त्यांनाही ती उपयोगी पडेल.

भाव आम्ही मुद्दाम देत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे झपाट्याने चढले की महिन्यापूर्वीचे कोटेशन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदारांचे वाद झाले. भाव ज्या दिवशी माल घ्यायचा त्याच दिवशी सकाळी विचारावा आणि कोटेशनवर 'दोन दिवसांपुरते' असे लिहून द्यावे. प्रमाण मात्र सांगता येते. मॉनिटर, कीबोर्ड सोडून नुसत्या डब्याचे जे पैसे होतात, त्यांतील एक-तृतीयांशाहून थोडे जास्त ग्राफिक कार्डाला द्यावेत. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून साधारण तेवढेच धरावेत. उरलेल्यात रॅम, एसएसडी, एसएमपीएस व कॅबिनेट बसवावे. सध्याच्या रॅमच्या भावाने हे गणित थोडे ओढाताणीचे होते. तरीही ती ओढाताण एसएमपीएसच्या पैशांतून भागवू नये. याचे कारण पुढे येईलच.

आधी दोन प्रश्न विचारावेत

शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. येथे माप म्हणजे दोन प्रश्न. कोणता खेळ खेळायचा आहे, आणि पडदा केवढ्या रिझोल्यूशनचा आहे?

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ असे खेळ तुलनेने हलके असतात. त्यांत चित्राच्या सौंदर्यापेक्षा वेगाला किंमत असते. मोठ्या कथेचे, उघड्या जगाचे खेळ मात्र ग्राफिक कार्डाचा घाम काढतात. दोघांना एकच संगणक देणे म्हणजे एकाचे पैसे वाया घालविणे होय. पडद्याचे गणित तर साध्या गुणाकाराचे आहे. १९२० गुणिले १०८० चा पडदा म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके. २५६० गुणिले १४४० चा घेतला तर जवळजवळ सदतीस लाख. ज्याला 'फोर के' म्हणतात त्यात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे त्र्याऐंशी लाख. सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचे असेल तर इतके ठिपके साठ वेळा रंगवायचे. पैसा थोडा असेल तर पहिला पडदाच घ्यावा. 'फोर के'चा टीव्ही घरी आहे म्हणून त्यालाच जोडू, असे म्हणणाऱ्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातील कामाची वाटणी मागाच्या गावातील वाचकांना पटकन समजेल. सायझिंगवाल्याकडून ताण्याचे बीम वेळेवर आले नाही तर माग कितीही वेगाचा असो, तो उभाच राहतो. उलट बीमांचा ढीग लागला पण माग जुना, तर बीम पडून राहतात. प्रोसेसर प्रत्येक चित्राची तयारी करून देतो, कार्ड ते चित्र विणते. पडदा साधा आणि खेळ वेगाचा असेल तर प्रोसेसरवर भार जास्त येतो. खेळ देखणा व जड असेल तर कार्डावर येतो.

'आय-सेव्हन आहे' म्हणजे काय?

बाजारात एक जाहिरात नेहमी दिसते. कोअर आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, सोबत रंगीबेरंगी दिवे, आणि किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी. यात एकही शब्द खोटा नसतो. पण आय-७ ची पिढी कोणती हे लिहिलेले नसते. आय-७ २६०० हा प्रोसेसर २०११ चा. त्यात चार कोअर व आठ थ्रेड आहेत. आय-३ १२१०० हा २०२२ चा, त्यातही चार कोअर व आठ थ्रेडच आहेत, परंतु एका कोअरचे काम तो सुमारे दुप्पट वेगाने करतो. आय-३ हे नाव लहान वाटते म्हणून गिऱ्हाईक नाराज होते आणि अकरा वर्षे आधीचा आय-७ आनंदाने घेऊन जाते. आय या अक्षरापुढचा आकडा ही पहिली ओळ झाली. त्यानंतरचा चार-पाच आकडी क्रमांक ही दुसरी ओळ, आणि खरा माल तेथे कळतो.

जुन्या पिढीच्या मालात आणखी एक अडचण आता उभी राहिली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर कंपनीच्या यादीत नाहीत. एएमडीमध्ये ही यादी रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. युक्त्या करून जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढविता येते हे खरे. पण व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू असल्याशिवाय चालतच नाही. ज्या खेळासाठी मुलाने संगणक घेतला तोच खेळ उघडत नाही, अशी पाळी येते. लिनक्स टाकून द्यावे तर व्हॅलोरंट त्यावरही चालत नाही.

प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी असलेले अक्षरही वाचावे. इंटेलच्या क्रमांकामागे 'एफ' असेल तर त्यात अंगचे ग्राफिक नाही. कार्डाशिवाय पडद्यावर काहीही येणार नाही. कार्ड कधी दुरुस्तीला गेले तर संगणक तेवढे दिवस बंद. एएमडीच्या एएम-४ सॉकेटमध्ये नेमके उलटे आहे. तेथे 'जी' असेल तर अंगचे ग्राफिक असते, रायझन ५ ५६०० या साध्या प्रोसेसरात ते नसते. मग ५६००जी का घेऊ नये, असे कोणी विचारील. ज्याच्याजवळ आज कार्डाचे पैसे नाहीत व सहा महिन्यांनी येणार आहेत, त्याने जरूर घ्यावा. हलके खेळ त्यावर चालतात. परंतु कार्ड लगेच बसवायचे असेल तर साधा ५६०० बरा. त्यात एल-३ कॅशे ३२ एमबी असते, ५६००जी मध्ये १६ एमबी, आणि खेळात हा फरक जाणवतो. 'जी'ला पीसीआय एक्सप्रेसही तिसऱ्याच पिढीचे मिळते.

एएम-४ वर पहिले रायझन २०१७ मध्ये आले. नंतरचे एएम-५ सॉकेट २०२२ मध्ये आले व त्यावर फक्त डीडीआर-५ रॅम बसते. पैसे अगदी मोजके असतील, किंवा गिऱ्हाइकाच्या जुन्या संगणकातून डीडीआर-४ रॅम निघणार असेल, तर आम्ही एएम-४ च सुचवू. रॅमच्या आजच्या भावात जुनी रॅम ही रोख रकमेसारखीच आहे. दोन-तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलू असा ज्याचा विचार आहे, त्याने मात्र थोडे थांबून, थोडे जास्त जमवून एएम-५ घ्यावे. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, तेव्हा दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी एक सूचना. बी-४५० चा बोर्ड २०१८ चा आहे. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या पीसवर ५६०० बसविला तर बायोस नवे केल्याशिवाय तो सुरू होत नाही. कारागीर बोर्ड खराब समजून परत पाठवितो आणि जाण्या-येण्याचे भाडे अंगावर पडते.

रॅम १६ जीबी असावी, आणि शक्य तेथे आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन रस्ते उघडले की वेग वाढतो. अंगच्या ग्राफिकवर चालणाऱ्या संगणकात तर हा फरक फार मोठा असतो, कारण ते ग्राफिक रॅममधूनच उसने घेऊन चालते. ३२०० ची म्हणून घेतलेली पट्टी बायोसमध्ये एक्सएमपी सुरू केल्याशिवाय बहुधा कमी वेगानेच धावते. गिऱ्हाइकाने ज्याचे पैसे मोजले ते त्याला मिळाले की नाही हे पाहणे जुळविणाऱ्याचे काम आहे. एका मिनिटाचे काम आहे, पण अनेक दुकानांतून ते होत नाही.

कार्ड : एकाच नावाचे दोन माल

खरी फसगत येथे होते. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर-५ मेमरीसह आले. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर-४ मेमरीचे कार्ड आले. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहते, दुसऱ्याची १६.८ जीबी. नाव तेच, खोकेही जवळजवळ तसेच. आरटीएक्स ३०५० चे तसेच झाले. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आहेत आणि मेमरीची वाटही अरुंद आहे. वाटते की फरक फक्त दोन जीबीचा आहे, पण तसे नाही. मात्र ६ जीबीचे कार्ड टाकाऊ आहे असेही आम्ही म्हणणार नाही. ते सुमारे ७० वॅटवर चालते व त्याला वेगळी वायर जोडावी लागत नाही. जुन्या ऑफिसच्या डब्यात, ज्याचा एसएमपीएस बदलता येत नाही, तेथे ते उपयोगी पडते. फक्त आठ जीबीच्या भावात ते कोणी देऊ नये व घेऊ नये.

'४ जीबी कार्ड आहे' हे वाक्यही फसवे आहे. मेमरी म्हणजे गोदाम, कारखाना नव्हे. जीटी ७३० ला चार जीबीचे गोदाम जोडले म्हणून त्याचा कारखाना वाढत नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी हे जानेवारी २०२२ मधील कार्ड स्वस्त म्हणून पुष्कळ जणांना भुरळ घालते. ते बोर्डाशी फक्त चार मार्गिकांनी बोलते. पीसीआय एक्सप्रेस चौथ्या पिढीचे असेल तर ते कसेबसे भागते. ए-५२० किंवा बी-४५० सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मात्र रस्ता निम्मा होतो आणि चार जीबी मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. आपला खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्या मुलांना हे कार्ड देऊ नये. त्यापेक्षा ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले आरएक्स ६६०० पुष्कळ बरे. ८ जीबी मेमरी, आठ मार्गिका, आणि वीज सुमारे १३२ वॅट. साध्या १०८० च्या पडद्यासाठी, हात राखून खर्च करणाऱ्याला आम्ही अजूनही त्याचेच नाव सांगतो. नव्या पिढीची कार्डे त्याच भावाच्या आसपास मिळाली तर ती घ्यावीत.

जुन्या कार्डांचा धंदा हा वेगळाच विषय आहे. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली पद्धत बदलली व ग्राफिक कार्डांवर त्याचे खाणकाम संपले. रात्रंदिवस राबलेली कार्डे त्यानंतर जगभरच्या बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड वाईट असते असे नाही, पंखा व थर्मल पॅड बदलून अनेक कार्डे नीट चालतात. परंतु आरएक्स ५८० घेताना ते '२०४८ एसपी' तर नाही हे पाहावे. मूळ ५८० मध्ये २३०४ कोअर आहेत, या दुसऱ्यात २०४८. काही कार्डे तर याहून पुढची असतात. फार जुन्या चिपवर बायोस बदलून जीटीएक्स १०५० टीआय असे नाव चढविलेले असते व विंडोजही तेच नाव दाखविते. जीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम अशी अनेक बनावट कार्डे पकडतो व नावापुढे 'फेक' असे लिहितो. पैसे देण्यापूर्वी तो चालवावा, मग अर्धा तास कार्डावर पूर्ण भार टाकावा. पडद्यावर ठिपके किंवा पट्टे आले, अथवा पंखा ओरडू लागला तर माल परत. काही ठिकाणी मेलेले कार्ड भट्टीत किंवा हॉट एअरने भाजून जिवंत करून विकतात. ते काही दिवस चालते आणि पुन्हा मरते. असे कार्ड दुरुस्तीच्या मेजावर समजते, काउंटरवर समजत नाही. म्हणून जुने कार्ड घेताना किमान महिनाभराची लेखी बोली करावी. विकताना बिलावर 'वापरलेले' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहावा.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको

दिसत नाही, खेळाच्या वेगात एक चित्रही वाढवत नाही, म्हणून एसएमपीएसचे पैसे सगळ्यांत आधी कापले जातात. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणारा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस ३०-४० हजारांच्या सामानाला जोडला जातो. यंत्र सुरूही होते. पहिल्या जड खेळात बंद पडते. कधी एसएमपीएस एकटा जातो, कधी बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो.

त्यावर ४५० वॅट असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचू नये. बाजूला चिकटविलेल्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर दिले आहेत ते पाहावे आणि बाराने गुणावे. तेथे समजा १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट झाले. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच बारा व्होल्टवर जगतात. आता खर्च मोजू. आरएक्स ६६०० चे १३२, रायझन ५ ५६०० चे पूर्ण भाराला सुमारे ७६, बोर्ड, रॅम, एसएसडी व पंख्यांचे पन्नास धरा. अडीचशेच्या पुढे आकडा गेला. १९२ वाल्याला हे ओझे उचलणार नाही. ज्याच्या तक्त्यात बारा व्होल्टला ३५ अँपिअरच्या आसपास आहेत असा नामांकित कंपनीचा ४५० वॅट येथे पुरतो. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्याच्यातूनच निघालेली असावी. मोलेक्सला जोड लावून आठ पिना तयार करू नयेत, तेथे वायर वितळते.

'८० प्लस' ही खूण वीज किती वाया जाते ते सांगते. सामानाचे रक्षण किती होईल ते ती सांगत नाही. त्यामुळे खूण पाहावी, पण कंपनी व वॉरंटी किती वर्षांची आहे हेही विचारावे. खूण नुसती खोक्यावर छापलेलीही असते.

ज्या वस्तीत मागांच्या भाराने व्होल्टेज खाली-वर होते, तेथे दुकानदाराने घरी जाऊन प्लगचे अर्थिंग तपासावे. मल्टिमीटरने न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दाखविले तर ठीक. त्याहून जास्त असेल तर आधी वायरमन बोलवावा. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात ही तक्रार पुष्कळदा येथलीच असते. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस सामान्यतः ३६० वॅटच देतो. खेळ सुरू असताना मॉनिटरसह तो जेमतेम पुरतो. वीज गेली की खेळ बंद करून यंत्र बंद करण्यापुरताच त्याचा उपयोग आहे, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावे.

बाकीचे थोडक्यात. एसएसडी ५०० जीबीपेक्षा कमी घेऊ नये, मोठा एकच खेळ शंभर जीबीच्या पुढे जातो. हार्ड डिस्क सिनेमे ठेवायला चालेल, खेळ ठेवायला नाही. कॅबिनेट पुढून जाळीचे घ्यावे. काचेचे तोंड व सात रंगांचे दिवे दिसायला छान, पण हवा कोठून जाणार? कापसाची धूळ उडते अशा गावात दर दोन महिन्यांनी जाळी झटकावी लागते, ते काम मुलालाच शिकवून ठेवावे.

माल कोठून आणावा व बिलावर काय लिहावे

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस येथे भाव तोडून मिळतो. पण बिलाशिवाय मिळणारा भाव हा खरा भाव नव्हे. या सामानावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या दुकानदाराला बिल असेल तरच त्याची वजावट मिळते, आणि वॉरंटीच्या वेळीही कंपनीचे सेवा केंद्र बहुधा बिल व सिरीयल नंबरच मागते. परदेशातून आडमार्गाने आलेल्या कार्डाला येथे वॉरंटी नसते. खोक्याविना सुटा मिळणारा 'ट्रे' प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, त्याची वॉरंटी कोण देणार हे लेखी घ्यावे. माल हातात आला की प्रत्येक भागाच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवावा.

भागांवर नफा आता फारच थोडा राहिला आहे. गिऱ्हाईक दुकानात उभे राहून मोबाईलवर ऑनलाइन भाव दाखविते. त्यामुळे काही जण कार्डाचा भाव बरोबर लावतात आणि एसएमपीएस व एसएसडीत हात मारतात. आमचे मत असे की जुळणीची मजुरी वेगळी, उघड लावावी. वायर नीट बांधणे, बायोस नवे करणे, एक्सएमपी सुरू करणे, विंडोज टाकणे हे दोन-तीन तासांचे कारागिराचे काम आहे व त्याचे पैसे मागण्यात संकोच कसला? विंडोजच्या परवान्याची किंमतही वेगळी सांगावी. तोडलेले विंडोज टाकून देणारे पुष्कळ आहेत. पण त्या तोडण्याच्या प्रोग्रामसोबत काय काय आत आले हे कोणालाच ठाऊक नसते, आणि वडिलांचा बँकेचा व्यवहार त्याच संगणकावर होणार असतो.

बिलावर नुसते 'गेमिंग पीसी, १ नग' असे लिहू नये. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक अक्षरासह, कार्डाची मेमरी व तिचा प्रकार, रॅमच्या पट्ट्या किती व कोणत्या वेगाच्या, एसएमपीएसचे बारा व्होल्टचे अँपिअर, प्रत्येकाचा सिरीयल नंबर व वॉरंटीची तारीख असे सगळे ओळीने लिहावे. यंत्र हातात देण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर त्याचाच आवडता खेळ अर्धा तास चालवावा, प्रोसेसर व कार्डाचे तापमान पाहून तेही बिलाच्या मागे तारखेसह टिपावे. सहा महिन्यांनी 'संगणक तापतो' म्हणून मुलगा परत आला की तेच बिल उलटून आकडा ताडून पाहावा. दहा-पंधरा अंशांचा फरक पडला असेल तर आधी जाळीतली धूळ काढावी.